आधी पाणी, मग वाणी
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



समितीनं मला विषय दिला, 'मुलांचं आरोग्य'. मी जालना जिल्ह्यात आरोग्य खात्यात नोकरी केली. आमच्या खात्याचं एक असतं, मुलं म्हटलं की आम्हाला तान्ही बाळं दिसतात. डोस झाला का, वजन किती, वरचं दूध कधी सुरू केलं, हेच आम्ही जन्मभर विचारतो. लेकरू पाच-सहा वर्षांचं होऊन शाळेत गेलं की आमच्या रजिस्टरातून बाहेर. आणि खरं सांगायचं तर आई-बापाच्या नजरेतूनही थोडं बाहेरच. 'आता काय, मोठं झालं, त्याचं ते बघतंय,' असं आपण म्हणतो. म्हणून आज मी मुद्दामच मोठ्या लेकरांबद्दल बोलणार आहे. दहा-अकरा वर्षांपासून ते सतरा-अठरा वर्षांपर्यंतची पोरं-पोरी. आणि तेही उन्हाळ्याच्या सुट्टीबद्दल आणि सुट्टीत होणाऱ्या लहानमोठ्या दुखापतींबद्दल.

आपण म्हणाल, एवढ्या मोठ्या कार्यक्रमात हा काय विषय झाला? गुडघा फुटला, अंगठा ठेचला, यावर भाषण कशाला? तर बंधू-भगिनींनो, फुटलेल्या गुडघ्यानं लेकरू दगावत नाही. घात होतो तो लपवलेल्या जखमेनं. आणि मोठी लेकरं जखम लपवतात. तान्हं बाळ रडून सांगतं. बारा वर्षांचा पोरगा रडत नाही, तो पॅन्ट खाली ओढतो आणि गपचूप जेवायला बसतो.

तो का लपवतो? कारण त्याला पाठ झालंय की घरी सांगितलं की पहिला प्रश्न येतो, 'कुठं उंडारत होतास?' दुसरा येतो, 'तुला नको म्हटलं होतं ना?' आणि तिसऱ्या प्रश्नाऐवजी एक चापट येते. जखमेकडं कुणी बघायच्या आतच त्याचा जबाब घेऊन झालेला असतो. मग पुढच्या वेळी तो सांगतच नाही. आपण समजतो, लेकरू शहाणं झालं, आता पडत नाही. ते पडतच असतं, फक्त सांगत नसतं.

एका गावची गोष्ट सांगते, गावाचं नाव घेत नाही. सुट्टीत मामाकडं आलेला मुलगा. कुत्र्याच्या पिलाशी खेळताना पोटरीला ओरखडा आला. रक्तही फारसं आलं नाही. त्यानं कुणाला सांगितलं नाही, कारण पिलाशी खेळू नको म्हणून आजीनं बजावलं होतं. दुसरं कारण असं, की कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं घेतात हे त्यानं मोठ्यांकडून ऐकलं होतं. चौथ्या दिवशी त्याच्या मोठ्या बहिणीच्या नजरेला तो ओरखडा पडला. तिनं आरडाओरडा केला नाही, त्याच्याजवळ बसून विचारलं. तो बोलला. ती त्याला घेऊन आमच्याकडं आली. लस सुरू झाली. पोरगा आज बापलेकरांचा झाला आहे. औषध आमचं होतं, पण वाचवलं त्याला बहिणीच्या विचारण्यानं.

इथं दोन गोष्टी सगळ्यांनी लक्षात ठेवाव्यात. पिसाळ रोगाची लक्षणं एकदा दिसली की त्यावर उपाय जवळजवळ नाही. पण लक्षणं दिसण्याआधी लस घेतली तर हा रोग टाळता येतो. म्हणजे सगळा खेळ वेळेचा आहे, आणि वेळ कुणाच्या हातात? त्या लेकराच्या तोंडात. दुसरी गोष्ट, ती पोटातली चौदा इंजेक्शनं आता नाहीत. ती जुनी लस आपल्या देशात २००५ च्या सुमारास बंद झाली. आता दंडात सुई देतात. शासकीय दवाखान्यात कातडीत देण्याची पद्धत असेल तर पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी जावं लागतं. लस फुकट मिळते. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर जखमेतच आणखी एक औषध टोचतात, ते चुकवू नये. म्हणून लेकरांना जुन्या इंजेक्शनांची भीती घालणं आजपासून बंद करा. ती भीतीच ओरखडा लपवायला लावते.

आता आपण विहारात बसलो आहोत, तर या विषयावर तथागतांनी काय सांगितलंय तेही पाहू. मज्झिम निकायात अभय राजकुमाराचं एक सुत्त आहे. राजकुमाराच्या मांडीवर तान्हं बाळ होतं. भगवंतांनी त्याला विचारलं, या बाळानं तुझ्या किंवा दाईच्या दुर्लक्षामुळं तोंडात काडी किंवा खडा घातला तर तू काय करशील? राजकुमार म्हणाला, मी तो काढीन. सहज निघाला नाही तर एका हातानं डोकं धरीन, दुसऱ्या हाताचं बोट वाकडं करून काढीन, रक्त आलं तरी काढीन. का? तर मला त्या बाळाची करुणा आहे म्हणून.

या सुत्तात दोन गोष्टी आहेत. एक, करुणा म्हणजे नुसतं गोंजारणं नव्हे. वेळ पडली तर रक्त आलं तरी खडा काढावाच लागतो. जखम धुताना लेकरू ओरडेल, इंजेक्शनाला पळेल, तरी ते करायचं. दुसरी गोष्ट, त्याच सुत्तात भगवंत पुढं वाणीविषयी बोलतात. बोलणं खरं असावं, हिताचं असावं, आणि ते ऐकणाऱ्याला कडू लागणारं असेल तर ते बोलण्याची योग्य वेळ ओळखावी. आपण आई-बाप खरं बोलतो, हिताचंही बोलतो, पण वेळ चुकवतो. लेकराच्या गुडघ्यातून रक्त गळतंय आणि आपलं प्रवचन चालू. म्हणून मी गावोगावी बायांना एकच वाक्य सांगत आले, 'आधी पाणी, मग वाणी.' आधी जखम धुवा. बोलायचं ते संध्याकाळी, पोट भरल्यावर बोला. मी रागावू नका असं म्हणत नाही. नंतर रागवा असं म्हणते.

दुसरं सुत्त राहुलाचं. अंबलट्ठिका इथं भगवंतांनी राहुलाला उपदेश केला. पाय धुऊन भांड्यात थोडंसं पाणी उरलं होतं. ते दाखवून सांगितलं, जाणूनबुजून खोटं बोलायची ज्याला लाज वाटत नाही त्याच्यातलं श्रमणपण इतकंच थोडं. मग पाणी फेकलं, भांडं उपडं केलं, पुन्हा सुलटं करून रिकामं दाखवलं. लेकराला समजेल अशी ही शिकवण. थट्टेतही खोटं बोलू नये. आरसा जसा पाहण्यासाठी असतो, तसं प्रत्येक काम करण्याआधी, करताना आणि केल्यावर स्वतःकडं पाहावं. आणि हातून चूक झाली असं दिसलं तर काय करावं? ती जाणत्या माणसासमोर उघड करावी आणि पुढं जपावं. सम्राट अशोकानं भाब्रूच्या शिलालेखात जी धम्मवचनं वारंवार ऐकावीत असं म्हटलं आहे, त्यात राहुलाला खोटं बोलण्याविषयी केलेल्या या उपदेशाचं नाव आहे.

आपण चौथं शील लेकरांकडून पाठ करून घेतो, 'मुसावादा वेरमणी'. चांगलंच आहे. पण चूक उघड करायला समोर ऐकणारं माणूस पाहिजे ना? खरं बोलल्यावर मार आणि खोटं बोलल्यावर सुटका, असं ज्या घरात घडतं, त्या घरात शील पाठ असूनही लेकरू खोटंच शिकतं. राहुलाला खरं बोलता येत होतं, कारण त्याला ऐकून घेणारे होते. आपल्या घरात तो ऐकून घेणारा कोण आहे, याचा प्रत्येकानं विचार करावा.

आता सुट्टीकडं वळते. सुट्टी म्हटलं की मला बाबासाहेबांच्या लहानपणची एक सुट्टी आठवते. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी ती स्वतः लिहून ठेवली आहे. साल १९०१. बाबासाहेब नऊ वर्षांचे. आई वारलेली. वडील रामजी सुभेदार सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात, दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता तिथं कॅशियर होते. त्यांनी मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्याकडं बोलावलं. बाबासाहेब, त्यांचे थोरले भाऊ आणि वारलेल्या बहिणीची दोन मुलं, असे चौघंजण नवे कपडे, नव्या टोप्या, नवे जोडे घालून आगगाडीनं निघाले. जन्मातला पहिला आगगाडीचा प्रवास! मसूर स्टेशनवर उतरले, तर घ्यायला कुणीच नाही. वडिलांना कळवलेलं पत्र नोकरानं त्यांच्यापर्यंत पोचवलंच नव्हतं. स्टेशनमास्तरनं आधी आपुलकीनं चौकशी केली, पण मुलं महार आहेत कळताच त्याचा चेहरा बदलला. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं आणि गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर एक जण तयार झाला. सोबत जेवणाचा डबा होता, पण प्यायला पाणी नव्हतं. वाटेत कुणी पाणी दिलं नाही. रात्र टोलनाक्याजवळ काढली, तीही तहानलेली. थोरल्या भावानं ठरवलं, चौघांनी एकदम झोपायचं नाही, दोघांनी झोपायचं आणि दोघांनी जागायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मुलं वडिलांजवळ पोचली.

बंधू-भगिनींनो, ही गोष्ट आपण अनेकदा ऐकली आहे. जातीच्या जुलमाची गोष्ट म्हणून ऐकली आहे, आणि ती तशी आहेच. आज मी तुम्हाला ती आई-बाप म्हणून ऐकायला सांगते. त्या चौघांच्या पायाला काटा टोचला नव्हता, डोकं फुटलं नव्हतं. अंगावर एक ओरखडा नाही. तरी त्या सुट्टीत झालेली जखम बाबासाहेबांच्या मनावर जन्मभर राहिली, आणि तीस-पस्तीस वर्षांनी त्यांनी ती लिहून काढली. म्हणजे जखम काही गुडघ्यालाच होते असं नाही. आपलं लेकरू सुट्टीहून परत येतं, गप्प गप्प असतं, जेवत नाही, 'पुन्हा त्या गावाला जाणार नाही' म्हणतं. आपण म्हणतो, उन्हानं झालं असेल. कुणी त्याला जातीवरून बोललं असेल, कुणी खेळातून उठवलं असेल, कुणा मोठ्या माणसानं नको तसा हात लावला असेल. हे विचारल्याशिवाय कळत नाही. आणि ज्या घरात फुटलेला गुडघा सांगता येत नाही, त्या घरात ही दुसरी जखम कशी सांगता येणार? म्हणून लहान जखमांचं महत्त्व. लेकरू लहान जखमेवर आपली परीक्षा घेत असतं. त्यात आपण पास झालो तरच ते मोठी जखम आपल्यापुढं उघडतं. घरात कुणालाच सांगता येत नसेल, तर १०९८ हा मुलांसाठीचा फोन नंबर आहे, हे पुढं बसलेल्या बालमित्रांनी ध्यानात ठेवावं.

त्या प्रवासातून व्यवहाराचंही शिकण्यासारखं आहे. पोरं एकटी एस.टी.नं मामाच्या गावाला निघाली की नुसता नवा शर्ट आणि डबा पुरत नाही. पाण्याची बाटली पाहिजे. निरोप पोचला का याची खात्री पाहिजे. आता खिशाखिशात मोबाईल आहे, पण बॅटरी संपली की पोराला बापाचा नंबरही पाठ नसतो. दोन नंबर पाठ करून घ्या. आणि चौघं एकत्र असतील तर थोरल्यानं काय करायचं, धाकट्यानं कुणाचं ऐकायचं, हे घरून निघण्याआधी ठरवून द्या. दोघांनी झोपायचं, दोघांनी जागायचं, ही अक्कल त्या थोरल्या भावाला त्या रात्री सुचली.

आपल्या जिल्ह्यात सुट्टीचं आणखी एक आहे. मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या भागांतली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागताना परततात. लेकरं आजी-आजोबांकडं नाहीतर वसतिगृहात. अशा घरांना सुट्टी म्हणजे मजा नव्हे, तर घर पुन्हा एकत्र येण्याचे दिवस. सहा महिन्यांत पोरगं वीतभर वाढलेलं असतं, पोरीला पाळी सुरू झालेली असते, आणि आई-बापाला काहीच माहीत नसतं. या लोकांना मी सांगते, पहिले आठ दिवस लेकरांना काही शिकवू नका, फक्त विचारा आणि ऐका.

बाकीच्या घरांत काय होतं? पोरगं पडेल, बुडेल, उन्हात जाईल म्हणून दार लावून घेतो आणि हातात मोबाईल देतो. पडत नाही हे खरं. पण सोळा वर्षांच्या पोराला पोहता येत नाही, सायकलची चेन बसवता येत नाही, आणि एकदम मोटारसायकल हातात येते. मग पहिलंच पडणं हे शेवटचं पडणं ठरायची पाळी येते. बाभळीच्या काट्यानं, चिंचेच्या फांदीनं, सायकलच्या पायडलनं जे लहानपणी शिकवलं असतं, ते शिकायचं राहून जातं. अंगाला थोडं खरचटणं ही शिकण्याची फी आहे. ती भरू द्या. मात्र अठरा पूर्ण होऊन लायसन हातात येईपर्यंत मोटारसायकलची चावी पोराच्या हाती देऊ नका, आणि लायसन आलं तरी हेल्मेटशिवाय नको.

पाण्याचं तर फारच जपायला हवं. आमच्या लहानपणी विहिरी होत्या. पाठीला डबा बांधून चुलते-मामा पोहायला शिकवत. आता शेततळी झाली. आपल्या जालना तालुक्यातलं कडवंची गाव द्राक्षं आणि शेततळ्यांसाठी नावाजलेलं आहे, आणि पाण्याच्या दृष्टीनं ही फार चांगली गोष्ट आहे. पण शेततळ्याला आतून प्लॅस्टिकचा कागद असतो. तो ओला झाला की इतका निसरडा होतो की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही कडेला चढता येत नाही. विहिरीला पायऱ्या असतात, इथं धरायला काही नसतं. म्हणून शेततळ्यात पोहणं नाहीच. ज्याचं शेततळं असेल त्यानं कुंपण करावं आणि चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यात सोडून ठेवावेत. दक्षिणेकडं गोदाकाठच्या गावांत वाळू उपसलेले खड्डे वरून दिसत नाहीत, तिथंही तेच. आणि पोरांनो, मित्र बुडताना दिसला तर मागोमाग उडी मारू नका. दोर, साडी, लांब काठी, हवा भरलेली ट्यूब, रिकामा बंद डबा, जे हाताला लागेल ते टाका आणि मोठ्यांना हाक मारा. एकाच्या मागं दुसरा जाऊन दोघंही जातात. आणि पोहायला पोरींनाही शिकवा. पाणी काही मुलगा-मुलगी बघून बुडवत नाही.

पोरींचं निघालं म्हणून सांगते. पोरांची सुट्टी रानात जाते आणि पोरींची चुलीपुढं. पोराचं खरचटणं रस्त्यावर दिसतं, पोरीचं भाजणं ओढणीखाली झाकलं जातं. 'लग्नाला डाग दिसेल' या धाकानं पोरी भाजलेलं सांगत नाहीत. पोरगा दहावीत असेल तर त्यालाही भाकरी थापायला शिकवा, थोडा चटका बसू द्या. आणि पोरीला चार दिवस मामाच्या गावी नुसतं पाहुणी म्हणून राहू द्या, कामाला आलेली बाई म्हणून नको.

आता दुखापतींचा हिशेब सांगते. माझ्या मते त्या तीन प्रकारच्या. घरी निस्तरायच्या, दवाखान्यात दाखवायच्या, आणि तडक धावायच्या.

घरी निस्तरायच्या अशा. खरचटलं तर वाहत्या पाण्यानं आणि साबणानं धुवायचं, स्वच्छ कापड बांधायचं. माती, राख, चुना लावायचा नाही. भाजलं तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडायचं. टूथपेस्ट, शाई, बर्फ लावायचा नाही. फोड आले तर फोडायचे नाहीत, आणि तळहाताहून मोठं भाजलं असेल किंवा तोंडाला, हाताला भाजलं असेल तर दवाखाना. नाकातून रक्त आलं तर डोकं मागं करू नका. पुढं वाकून बसवा आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरा. पाय मुरगळला तर पहिले दोन दिवस चोळू नका. थंड पट्टी, आराम आणि पाय उशीवर. पाय टेकवतच नसेल तर फोटो काढायला न्या.

दवाखान्यात दाखवायच्या अशा. गंजका खिळा, काच, खोल काटा, माती गेलेली जखम. धनुर्वाताची लस शासनाच्या वेळापत्रकाप्रमाणं दहाव्या आणि सोळाव्या वर्षी पुन्हा द्यायची असते. बाळपणीचे सगळे डोस काळजीनं दिलेल्या आयाही ही दोन इंजेक्शनं विसरतात. कुत्रं, मांजर, माकड यांचा चावा किंवा ओरखडा, रक्त न आलं तरी. पंधरा मिनिटं साबण-पाण्यानं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. तिखट, हळद, तेल काही लावू नका.

आणि धावायच्या अशा. डोक्याला मार लागून उलट्या होणं, गुंगी येणं, कानातून रक्त येणं. साप चावणं. साप चावला तर घट्ट बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, बुवाकडं न्यायचं नाही. तो हात-पाय हलू न देता लेकराला सरळ ग्रामीण रुग्णालयात न्यायचं. प्रतिविष तिथं फुकट असतं. तेच विंचवाचं. नुसतं दुखत असेल तर ठीक, पण घाम सुटला, उलटी झाली, हात-पाय गार पडले, धाप लागली तर एक मिनिट घालवू नका. या विंचवावरचा उपाय जगाला दाखवला तो आपल्याच जिल्ह्याच्या माणसानं. भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर. महाडला प्रॅक्टिस करताना त्यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचूदंशावर वापरून अनेक जीव वाचवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गाडी नसेल तर १०८ नंबर फिरवा, ती सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे.

शेवटी सुट्टीत जायचं कुठं? सगळ्यांना महाबळेश्वर परवडत नाही आणि गरजही नाही. आपलं भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. केळणा नदीकाठी १९७० च्या दशकात उत्खनन झालं, तेव्हा सातवाहन काळातली वस्ती सापडली. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत, त्यात भोगवर्धनच्या लोकांची नोंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या गावच्या माणसांनी सांचीच्या स्तूपाला हातभार लावला, हे लेकरांना तिथं उभं करून सांगा. तिथून पुढं सिल्लोडमार्गे अजिंठा. सोमवार सोडून जा, सोमवारी लेणी बंद असतात. सतराव्या लेण्यात एक चित्र आहे. भगवंत भिक्षापात्र घेऊन दारात उभे आहेत, आणि समोर यशोधरा व राहुल. भगवंत केवढे तरी उंच, आणि राहुल मान वर करून बघतोय. लेकराला आपले आई-बाप असेच उंच दिसतात. तिथं पाच मिनिटं लेकरांना घेऊन नुसतं उभं राहा. आणि लेण्याच्या पायऱ्यांवर कुणी घसरलं, गुडघा फुटला, तर काय करायचं ते आता तुम्हाला माहीत आहे.

विहार समितीला माझी एक विनंती आहे. विहारात एक प्रथमोपचाराची पेटी ठेवा. साबण, स्वच्छ पट्ट्या, चिकटपट्टी, कात्री, चिमटा, थर्मामीटर, बस. आणि तिची किल्ली मोठ्यांकडं न ठेवता नववी-दहावीच्या दोन मुली आणि दोन मुलांकडं द्या. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास त्यांना शिकवायला मी येईन. पोरं पोरांना लवकर सांगतात. लपवलेला ओरखडा आपल्याआधी त्यांना दिसतो.

आणि घरोघरी एवढंच करा. रात्री जेवायला बसल्यावर लेकरांना विचारा, 'आज काय लागलं, कुठं लागलं, कुणी काही बोललं का?' विचारल्यावर आपण घासभर गप्प बसा. उत्तर येईल. एखाद्या दिवशी नाही येणार, तरी रोज विचारा.

  इथंच थांबते.

जयभीम! नमो बुद्धाय!